नौपाड्यातलं एक घर, तीन भांडी आणि कॉफीचं दळण

मावशीचा फोन आला तेव्हा जून संपत आला होता. "अगं, अर्धा किलो कॉफी आणलीय आणि घरात तिघांपैकी एकालाही ती घशाखाली उतरत नाही. काका म्हणतात, दुकानदाराने माल बदलला. तू जरा येऊन बघतेस का?"

ऐरोलीहून ठाणे काही लांब नाही. रविवारी सकाळी गेले आणि मग पुढचे तीन रविवारही जात राहिले. त्या चार रविवारांत काय बिघडलेलं होतं, कुठे माझाच अंदाज चुकला आणि शेवटी काय जमलं, हे वहीतल्या नोंदींवरून लिहिते आहे. अशी तक्रार मी ओळखीच्या इतर घरांतूनही ऐकली आहे आणि दर वेळी दोष कॉफीवर गेला. इथे कॉफी चांगली होती. दळण चुकलं होतं.

आधी घराविषयी. नौपाड्यातली जुनी इमारत, तिसरा मजला. काका बँकेतून निवृत्त झालेले. नोकरीतली नऊ वर्षं बंगळूरला काढली आणि तिथून दोन भांड्यांचा पितळी फिल्टर आणि सकाळच्या डिकॉक्शनची, म्हणजे त्यातून ठिबकत उतरलेल्या कॉफीच्या दाट अर्काची, सवय घेऊन आले. त्यांना दाट दुधातली, जिभेवर रेंगाळणारी कॉफी लागते. मावशीला दुपारी चारला बिनदुधाची, हलकी कॉफी आवडते. तिच्यासाठी मावसभावाने काचेचा फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीच्या दट्ट्याने गाळ तळाशी दाबायचं भांडं, आणून दिला. मावसभाऊ पुण्याला असतो, शनिवारी-रविवारी येतो, त्याचा स्वतःचा तीन कपांचा मोका पॉट, म्हणजे खालचं पाणी वाफेच्या जोरावर पावडरीतून वर चढवणारं धातूचं भांडं, ओट्यावर असतो. म्हणजे तीन माणसं, तीन भांडी आणि डब्यात पावडर मात्र एकच.

ती पावडर काकांनी स्टेशनजवळच्या दुकानातून दळून आणली होती. पाकिटावर ७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी (एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ) असं छापलेलं. (चिकोरीचं मिश्रण विकताना त्यात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर लिहिलंच पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. पाकीट घेताना ही ओळ जरूर वाचावी.) मागच्या वेळची डिकॉक्शन पातळ झाली होती म्हणून या वेळी काकांनी दुकानात सांगितलं, "जरा बारीक करा." दुकानदाराने सांगितलं तसं केलं.

पहिल्या रविवारी मी काहीच बदललं नाही. तिघांना रोजच्यासारखी कॉफी करायला सांगितली आणि घड्याळ घेऊन बसले.

काकांनी सात वाजून दहा मिनिटांनी फिल्टरमध्ये उकळतं पाणी ओतलं. आठ वाजले तरी वरच्या भांड्यात दोन बोटं पाणी शिल्लक. खाली जी डिकॉक्शन उतरली होती ती काळीभोर, पण चाखली तर जीभ कोरडी पडली, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी. दुपारी मावशीने फ्रेंच प्रेसचा दट्ट्या दोन्ही हातांनी दाबला तरी तो खाली जाईना. तेव्हा मी तिचे हात धरून थांबवले, कारण अडलेला दट्ट्या जोर लावून दाबला की उकळतं पाणी कडेने उसळतं आणि हात भाजतो. कपाच्या तळाशी बोटभर गाळ. मोका पॉटमधून कॉफी फसफसत, थुंकल्यासारखी वर आली, बाजूच्या सुरक्षा झडपेतूनही वाफ निघाली आणि चव जळकट.

आणि या सगळ्यात मावशी कपात दोन चमचे साखर घालत होती. डॉक्टरांनी तिला साखर कमी करायला सांगून वर्ष झालंय. "कडूच एवढी होते, त्याला मी काय करू?" ती म्हणाली. मी हे प्रकरण एवढं मनावर घेतलं ते या साखरेमुळे.

इथे एक भेद सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मावशी "कडू" म्हणत होती, पण तिच्या कपात कडूपेक्षा तुरट जास्त होतं. कडू म्हणजे कारलं, तुरट म्हणजे हिरडा. आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत हे भाग्य समजावं. थोडा कडूपणा कॉफीत हवाच असतो. तुरटपणा मात्र सांगतो की पाण्याने पावडरीतून नको तेवढं ओढून घेतलं आहे.

पाणी कॉफीतून सगळं एकदम घेत नाही. आधी आंबट आणि फळांसारखा भाग सुटतो, मग गोडवा, आणि शेवटी कडू-तुरट. भाजलेल्या दाण्याचा साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण चांगली चव साधारण १८ ते २२ टक्के उतरल्यावर मिळते. हे आकडे १९५०च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी केलेल्या कामातून आले आणि आजही तेच धरून चालतात. त्याच्या आत थांबलं की कॉफी आंबट आणि पोकळ लागते, पुढे गेलं की तुरट.

थांबायचं कुठे, हे दळण ठरवतं. समजा दाण्याचा एक तुकडा १ मिलिमीटरचा घन आहे. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस मिलिमीटर जागा पाण्याला मिळते. तोच तुकडा अर्ध्या मिलिमीटरच्या घनांत फोडला तर आठ तुकडे होतात आणि जागा होते १२. पाव मिलिमीटरपर्यंत गेलं तर तुकडे ६४ आणि जागा २४. कॉफी तेवढीच, पाण्याला भिडणारी जागा चौपट. शिवाय बारीक कणांमधल्या फटी अरुंद होतात आणि पाणी अडून बसतं. फिल्टरमध्ये हे दोन्ही एकदम होतं: पाणी भराभर ओढतंही आणि जास्त वेळ थांबतंही. काकांचा अर्धा फिल्टर आठ वाजताही भरलेला का होता, ते यातच आलं.

हे मी मावशीला सांगत होते. घनांची गोष्ट तिला फारशी रुचली नाही, पण मध्येच तिने मला थांबवलं. "म्हणजे भाजणीसारखंच की! थालिपिठाची जाडसर, चकलीची बारीक. आणि लाडवाचं बेसन रवाळ." मी बघतच राहिले. चाळीस वर्षं ही बाई गिरणीवाल्याला पदार्थाचं नाव सांगून दळण ठरवत आलेली. पुरणपोळीची कणीक आणि भाकरीचं पीठ ती डोळे मिटून बोटांनी ओळखेल. कॉफीच्या बाबतीत मात्र "कशात करणार?" हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता, आणि दुकानात जाणाऱ्या काकांनाही नाही. त्या दिवसापासून आम्ही क्रमांक आणि इंग्रजी नावं सोडली आणि बोटांची भाषा धरली: मैदा, रांगोळी, बारीक मीठ, बारीक रवा, खसखस, इडलीचा रवा.

पाकिटातली पावडर चिमटीत घेतली तर ती रांगोळीपेक्षाही मऊ लागत होती, मैद्याच्या जवळची. तुर्की पद्धतीने भांड्यात उकळायची असती तर चालली असती. या तिन्ही भांड्यांपैकी एकालाही ती योग्य नव्हती.

दुसऱ्या रविवारी मी चिकमगळूरचे मध्यम भाजलेले अरेबिकाचे अख्खे दाणे घेऊन गेले. अख्खे यासाठीही की जुलैत ठाण्याच्या हवेत पावडरीचा डबा चार दिवस उघडमीट केला की तिच्या गुठळ्या होतात. दाणे त्या मानाने तग धरतात.

घरात मिक्सर होताच. मावशीचा आग्रह की आधी तोच वापरून बघू, नवीन वस्तू कशाला. रास्त होतं. चटणीच्या भांड्यात ३० ग्रॅम दाणे घालून थांबत थांबत बारा वेळा फिरवले. मग तिने स्वतःच सुचवलं, चाळून बघू. मैद्याच्या चाळणीतून ८ ग्रॅम खाली पडलं, रव्याच्या चाळणीतून ११, आणि १० ग्रॅम भरड वर राहिली. उरलेलं भांड्याला चिकटलं. ओट्यावरचे ते तीन ढीग बघितले आणि मिक्सरबद्दल मला वेगळं काही बोलावं लागलं नाही. न चाळता तशीच कॉफी केली असती तर पीठ तुरट झालं असतं आणि भरड आंबटच राहिली असती. आम्ही तसा एक कप करूनही बघितला. एकाच घोटात आंबट आणि तुरट दोन्ही. अशा कॉफीला "थोडी बारीक करा" किंवा "थोडी जाड करा" यातलं काहीही सांगून उपयोग नाही, कारण ती एकाच वेळी दोन्ही आहे.

तरी ज्यांच्याकडे मिक्सरच आहे त्यांना सांगते: मैद्याच्या चाळणीने पीठ काढून टाका आणि उरलेलं फ्रेंच प्रेसमध्ये वापरा, फरक लगेच कळेल. मावशीने ते काढलेलं पीठही टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांच्या फिल्टरमध्ये थोडं मिसळलं.

मावसभावाने हातगिरणी आणली ती तिसऱ्या रविवारी. आत दाते असलेल्या दोन चकत्या, त्यांच्यामधलं अंतर खालच्या चाकाने कमी-जास्त करायचं. तत्त्व जात्याचंच. दोन पाळ्यांमध्ये जेवढी फट, तेवढा कण. चाक पूर्ण आवळून दांडा अडला की तो शून्य, तिथून सोडत जायचं आणि क्लिक मोजायचे. खाली येणारे आकडे त्या एका गिरणीचे आहेत. दुसऱ्या गिरणीवर ते जसेच्या तसे लावू नयेत, बोटांची खूण मात्र लागू पडेल.

फ्रेंच प्रेस सगळ्यात सरळ निघाला. २६ क्लिकवर दळलं, हाताला खसखशीपेक्षा किंचित मोठं, इडलीच्या रव्याकडे झुकणारं. ३० ग्रॅम कॉफी, अर्धा लिटर पाणी, गॅस बंद करून मिनिटभर थांबवलेलं. चार मिनिटं. दट्ट्या आपल्या वजनाने जातो तसा एका हाताने गेला. या भांड्यात पाणी कुठे वाहत नाही, कॉफी त्यात बुडून असते, म्हणून वेळ आपल्या हातात राहतो आणि जाड दळण सुखाने चालतं. जाळीतून पीठ निसटू नये एवढीच काळजी. मावशीने पहिला घोट घेतला, मग कपाकडे बघितलं आणि साखरेचा डबा बंद केला. नंतर पुन्हा उघडून अर्धा चमचा घातलीच, पण अर्धाच.

मोका पॉटने मला चकवलं, आणि ते सांगायला हवं. १४ क्लिक, बारीक मिठासारखं. कडू आणि जळकट. कडू म्हणजे जाड करा, या सरळ हिशोबाने मी १७ वर गेले. अजून जळकट. २० वर गेले तर कॉफी पाण्यासारखी पातळ झाली आणि तरीही जळकट. इथे मी थांबायला हवं होतं ते थांबले. जास्त उतरलेली कॉफी पातळ नसते. पातळ आणि जळकट एकदम येत असेल तर दोष दळणाचा नाही. मग चुलीकडे बघितलं. मावसभाऊ मोठ्या बर्नरवर, पूर्ण आचेवर, गार पाणी भरून भांडं ठेवत होता आणि फसफस पूर्ण थांबेपर्यंत उतरवत नव्हता. गार पाणी तापेपर्यंत धातूचं भांडं वरच्या कोरड्या पावडरीलाही तापवतं, आणि शेवटी वाफच कॉफीतून जाते.

छोटा बर्नर, मंद आच, खालच्या भांड्यात आधीच तापवलेलं पाणी झडपेच्या खालीपर्यंत, जाळीत १५ ग्रॅम कॉफी सपाट भरलेली पण न दाबलेली, आणि फसफस सुरू होताच गॅसवरून खाली. दळण परत १४ वर. पहिल्या भांड्यातच जमलं. वहीत मी त्या सकाळची तीन पानं खोडली नाहीत, पुढे कुणाला हीच चूक दिसली तर उपयोगी पडतील.

मावसभावाचा एक प्रश्न होता: बाजारात "एस्प्रेसोसाठी" म्हणून बारीक पावडर मिळते, ती मोका पॉटला का नको? दोन्ही इटलीचेच ना? मोका पॉट १९३३ साली अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून आला, आणि तो वाफेच्या जोरावर पाणी वर चढवतो. तो जोर एक-दोन बारचा (बार म्हणजे दाब मोजायचं एकक). एस्प्रेसो मशीन ९ बारने पाणी ढकलतं, २५ ते ३० सेकंदांत काम संपवतं, म्हणून त्याला रांगोळीइतकं बारीक लागतं आणि पेलतंही. तेच दळण मोकात भरलं की पाण्याला वाट मिळत नाही, दाब आत साठतो आणि झडपेतून वाफ येते. पहिल्या रविवारी आम्ही ती बघितलीच होती. अशी वाफ दिसली तर गॅस बंद करून भांडं पूर्ण गार होईपर्यंत उघडू नये.

माझा कागदी गाळणीचा ड्रिपरही मी एका दिवशी नेला होता. २० क्लिक, बारीक रव्यासारखं, १५ ग्रॅमला २५० मिलिलिटर पाणी, तीन मिनिटांत उतरली. जर्मनीच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली असाच कागद वापरून कॉफीतला गाळ घालवला होता. मावशीला ती माहिती फार आवडली, कॉफी मात्र "फार सोज्वळ" वाटली.

खरा वेळ गेला तो काकांच्या फिल्टरवर. इथे आवड आणि दळण एकमेकांत गुंतलेली होती.

सुरुवातीला मी जुन्या पाकिटावरच काम केलं. काका पावडरीवरची छत्री, म्हणजे दांडी असलेली भोकांची चकती, अंगठ्याने घट्ट दाबून बसवायचे, बंगळूरला शिकलेले म्हणून. मी म्हटलं, "काका, आज नुसती ठेवून बघा, दाबू नका." पन्नास मिनिटांवरची वेळ पस्तिसावर आली. दळण तेच. म्हणजे निम्मा अडथळा त्यांच्या अंगठ्यात होता, पण उरलेला पिठात.

मग नव्या दाण्यांवर १४ क्लिक. ३० ग्रॅम, वर १५० मिलिलिटर पाणी. बारा मिनिटांत उतरली. मला ती चव उत्तम वाटली. काकांनी दुधात घालून चाखली आणि कप खाली ठेवला. "अंगच नाही हिला." त्यांना वाईट वाटू नये म्हणून सगळे गप्प, पण त्यांचं खरं होतं. ठाण्यातलं म्हशीचं दाट दूध त्या डिकॉक्शनला गिळून टाकत होतं. ते इतकी वर्षं जी कॉफी पीत आले तिला दाटपणा चिकोरी देत होती. चिकोरीत कॅफीन नसतं, पण ती पाण्यात कॉफीपेक्षा जास्त विरघळते, रंग आणि दाटपणा देते. चांगली कॉफी म्हणजे बिनचिकोरीचीच, असं ठासून सांगणारे लोक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. फिल्टर कॉफी हा दुधाचा पदार्थ आहे, आणि त्यात चिकोरीला हक्काची जागा आहे. ती किती आणि कशी घालायची एवढाच प्रश्न.

चिकोरी दुकानातून वेगळी, तयार पावडर आणली. २४ ग्रॅम कॉफीत ६ ग्रॅम, म्हणजे पाचवा हिस्सा. १४ क्लिकवर पुन्हा पाणी तुंबलं, चाळीस मिनिटं. चिकोरी भिजली की फुगते, चिकट होते आणि कणांमधल्या फटी बुजवते. तिच्यासाठी जागा सोडायची तर कॉफी किंचित जाड हवी. १५ वर एकतीस मिनिटं. १६ वर बावीस. तुरटपणा गेला, रंग आला, दुधात चव टिकली. काकांनी डबऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीत, उंचावरून कॉफी ओतली, फेस धरला, प्यायले आणि दुसरी मागितली. आपल्या चुकीच्या अंदाजाबद्दल त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "दुकानदाराला उगाच बोललो मी." पुढच्या आठवड्यात ते दुकानात जाऊन आले आणि आता ते तिथे "बारीक" म्हणत नाहीत. "फिल्टरसाठी, चिकोरी वेगळी बांधा" म्हणतात.

एक गोष्ट आम्ही सुरुवातीपासून पाळली आणि ती पाळली नसती तर चार रविवारांत काहीच कळलं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दळण बदललं की पाणी, वजन, वेळ तेच. वजनकाटा मावशीचा केक-बिस्किटांचा होता, तो पुरला. चमच्याने मोजून चालत नाही, कारण जाड कॉफीचा चमचा आणि बारीक कॉफीचा चमचा वजनाला सारखा भरत नाही. चव आंबट, पोकळ आली तर दोन क्लिक बारीक. तुरट, जीभ कोरडी करणारी आली तर दोन क्लिक जाड. कपात आंबट-तुरट एकत्र आलं तर गिरणीकडे बघायचं, आणि पातळ-जळकट एकत्र आलं तर चुलीकडे.

चौथ्या रविवारी मावशीने वहीतलं एक पान फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तिच्या अक्षरात: "प्रेस २६, इडली रवा, ४ मि. मोका १४, बारीक मीठ, मंद आच. फिल्टर १६, छत्री दाबू नये." शेवटचे तीन शब्द तिने दोनदा अधोरेखित केले होते.

सप्टेंबरात मी पुन्हा गेले तेव्हा दाण्यांचं नवं पाकीट आलं होतं, या वेळी गडद भाजलेलं. गडद भाजलेला दाणा ठिसूळ होतो आणि त्याच गिरणीत, त्याच फटीतही जास्त पीठ पाडतो. मी ते काकांना सांगणारच होते, पण कपाटाचं दार उघडलं तर फिल्टरसमोरचा १६ आधीच खोडलेला. शेजारी काकांच्या बारीक, बँकेतल्या अक्षरात १८, आणि त्यापुढे तारीख आणि वेळ: २३ मिनिटं. त्याखाली मावशीने पेन्सिलीने लिहिलं होतं, "प्रेस २८. साखर नको."